पंचगंगेचा पूर पाहायला सहकुटुंब जाताना

जुलैच्या मध्यावर तीन-चार दिवस पावसाने उसंत दिली नाही की कोल्हापुरात भेटणारा प्रत्येक माणूस ख्यालीखुशालीच्या आधी ‘पाणी कुठवर आलंय?’ असे विचारतो, आणि रविवार असेल तर घरातली मुले ‘पाणी बघायला जाऊया’ म्हणून मागे लागतात. ही हौस जुनी आहे आणि ती पुरवण्यात काही गैर नाही; मात्र घराबाहेर पडण्यापूर्वी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी पाहावी. जिल्हा प्रशासन ती दिवसातून अनेकदा जाहीर करते. पाणी तीस फुटांच्या आसपास गेले की नदी पात्राबाहेर पसरू लागते, 39 फूट ही इशारा पातळी आहे आणि 43 फूट ही धोका पातळी. माझ्या मते मुलाबाळांना घेऊन जायचे ते पाणी पात्राबाहेर पडल्यापासून इशारा पातळीला पोहोचेपर्यंतच. त्यापुढे गेल्यास दूरवरच्या उंच जागेवरून पाहून परतावे, आणि धोका पातळी जवळ आली असेल तर हा बेत सरळ रद्द करावा. त्या वेळी चिखली-आंबेवाडीकडची कुटुंबे जनावरांसह बाहेर पडत असतात आणि त्यांच्या ट्रॅक्टरला वाट हवी असते. तिथे आपली चारचाकी आडवी लावून फोटो काढणे शोभत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. असा पूर ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांच्या दारावरून आपण जात असतो हे ध्यानात असावे.

नुसता आकडा पुरेसा नाही, पाणी चढते आहे की उतरते आहे हेही पाहावे. शहरात लख्ख ऊन पडलेले असताना नदी फुगत राहते, कारण तिचे पाणी येते गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगरातून. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि श्रद्धेने गणली जाणारी गुप्त सरस्वती, अशा पाच मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. त्यांपैकी भोगावतीवर राधानगरी धरण आहे. ते भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडू लागतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटते, म्हणजे सेकंदाला साधारण चाळीस हजार लिटर. मुलांना क्युसेक समजत नाही, पण दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असे सांगितले की ती गप्प होऊन विचार करू लागतात. दरवाजे नुकतेच उघडल्याची बातमी असेल, तर त्या दिवशी पाणी आणखी चढणार असे धरूनच जागा निवडावी.

वेळ सकाळची चांगली. संध्याकाळी कामावरून सुटलेल्यांची गर्दी होते, आणि अंधारात पाण्याची कड दिसत नाही. गाडी गंगावेशीच्या अलीकडेच, परतीच्या दिशेला तोंड करून लावावी आणि पुढे चालत जावे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल असला की मुलाचा हात धरायला हात उरत नाही. लहान मुलामागे एक मोठे माणूस असेल एवढीच मंडळी न्यावीत. पायात स्लीपर नको. गाळावर तो पहिल्या पावलातच सटकतो.

पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पाणी जिथे टेकलेले असते, तिथून किमान वीस पावले मागे थांबावे. घाटावरची मंदिरे बुडालेली असतात, शिखरे तेवढी वर राहतात, आणि त्यांच्याभोवती तांबूस पाणी गरगरत असते. केंदाळाचे, म्हणजे जलपर्णीचे, हिरवे पुंजके एवढ्या वेगाने जातात की त्यांवरून प्रवाहाचा अंदाज येतो. कडेचे पाणी मात्र संथ दिसते, आणि फसगत तिथेच होते. वाहते पाणी अर्धा फूट असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते, एक फूट पाणी लहान मोटार ढकलते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात. त्यामुळे कोरड्या दिसणाऱ्या पायऱ्यांवरही उतरू नये. त्या शेवाळलेल्या असतात. काठाच्या गवताला धरून मुंग्यांचे गोळे आलेले असतात, कधी विंचू किंवा साप असतो, म्हणून मुलांना काठीने काही उचकटू देऊ नये.

मुलांचे मन रमवायला आमच्याकडे एक साधा खेळ आहे. मोठ्या माणसाने मागूनच पाण्याच्या कडेपासून हातभर अलीकडे एक लालसर खडा टाकायचा आणि घड्याळ पाहायचे. गेल्या खेपेस तो खडा वीस मिनिटांत दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या धाकटीने कोणी न सांगता माझा हात घट्ट धरला आणि ‘आपण अजून मागं सरूया’ म्हणाली. मी तासभर दिलेल्या सूचनांपैकी एकही तिला आठवत नव्हती.

शिवाजी पुलावर पोलिसांनी अडथळे लावले असतील तर वाद न घालता फिरावे. पूल खुला असला तरी त्यावर गाडी उभी करू नये, आणि कठड्यावर मुलाला बसवणे तर कोणत्याही कारणाने नको. जुन्या दगडी पुलाच्या कमानी किती बुडाल्या आहेत, हे काठावरूनही नीट दिसते. घरातल्या ज्येष्ठांना नदीची ओटी भरायची असते. ती सुरक्षित जागी, कडेपासून दूर, हात जोडून ठेवावी. नारळ पाण्यात फेकू नये, कारण तो काढायला पोरे उड्या मारतात, आणि प्लास्टिकची पिशवी परत घरी आणावी.

रस्ता बदलून पन्हाळ्याच्या बाजूला जायचा मोह होतो. रेडेडोह फुटल्याची, म्हणजे नदीचे पाणी काठ सोडून त्या बाजूला पसरल्याची, बातमी असेल तर त्या बाजूला जाऊच नये; केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येते. बुडालेल्या बंधाऱ्यावरून पायी किंवा दुचाकीने पलीकडे जाण्याचा विचारही नको. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढलेले असतात, वरून पाणी गेले की खाली काय आहे हे गावातल्या माणसालाही दिसत नाही. वाटेत कोणी अडकलेले दिसले तर स्वतः उतरण्याऐवजी 112 किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या 1077 या क्रमांकावर कळवावे.

घरी आल्यावर पहिल्यांदा सर्वांचे पाय गुडघ्यापर्यंत साबणाने धुवावेत. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात जातात. पाण्याचा स्पर्श झाला असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ही सहल आवर्जून सांगावी. मग वाटेत घेतलेली कणसे गॅसवर भाजावीत, आणि मुलांना त्या दिवशीची पातळी कॅलेंडरवर लिहू द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या आधी आकडा विचारला जातो.