अ‍ॅडवेअर काढताना एक्स्टेन्शनला सगळ्यात शेवटी हात लावा

संगणकात अ‍ॅडवेअर, म्हणजे आपणहून जाहिराती दाखवणारं नको ते सॉफ्टवेअर, शिरलं की बहुतेक जण ब्राउझर उघडतात, अनोळखी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) काढून टाकतात आणि निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी तेच एक्स्टेन्शन पुन्हा जागेवर हजर. मग कुणीतरी एखादा फुकट ‘क्लीनर’ सुचवतं, त्या क्लीनरबरोबर आणखी दोन नको ते प्रोग्राम येतात आणि शेवटी विंडोज नव्याने टाकायला संगणक दुकानात जातो. बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते. चुकतो तो काढण्याचा क्रम. दिसतं ते एक्स्टेन्शन, पण त्याला परत आणणारी मुळं दुसरीकडेच असतात. ती आधी उपटावी लागतात.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी, ब्राउझर क्रोम धरून लिहिलं आहे. एजमध्येही जवळपास हेच लागू पडतं. संगणक ऑफिसने दिलेला असेल तर यातलं काहीही करू नका, तिथल्या आयटीवाल्यांना सांगा.

आधी नक्की काय झालंय ते ओळखा

मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडा. विकिपीडियावर कंपन्यांच्या जाहिराती नसतात, फार तर वर देणगीचं आवाहन दिसतं. तिथेही कोपऱ्यात सवलतीची चौकट किंवा पानावर क्लिक करताच दुसरा टॅब दिसला, तर ती जाहिरात तुमच्याच संगणकातून त्या पानात घुसवली जाते आहे. विकिपीडिया स्वच्छ आणि एखाद्या फुकट सिनेमांच्या साइटवरच जाहिरातींचा मारा होत असेल, तर तो त्या साइटचा उद्योग आहे. तिथे संगणक साफ करून काही फरक पडणार नाही.

आता तेच पान इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीत उघडा. आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. जाहिरात गायब झाली तर दोष एक्स्टेन्शनचा. राहिली तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. तिथेही असेल तर प्रॉक्सी (नेटची ये-जा ज्यातून होते तो मध्यस्थ सर्व्हर) किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदललेलं असण्याची शक्यता जास्त. त्याच वाय-फायवरच्या मोबाइलमध्येही तोच प्रकार असेल तर संगणकाला दोष देऊ नका, राउटर तपासा: रीसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, डीएनएस इंटरनेट कंपनीचं ठेवा.

स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’, ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ असं सरकत येत असेल, तर घाबरण्याआधी त्या चौकटीतली बारीक अक्षरं वाचा. गूगल क्रोमचं नाव आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता तिथे दिसेल. म्हणजे हे ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. ‘मी रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं कुठल्यातरी पानाने सांगितलं आणि घरातल्या कुणीतरी ते दाबलं. इथे काढण्यासारखा प्रोग्रामच नसतो, म्हणून अँटिव्हायरसलाही काही सापडत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगी दिलेल्या यादीतल्या अनोळखी साइट काढा. मी तर म्हणेन की सगळ्याच साइटना नोटिफिकेशन बंद करा. घरच्या संगणकावर त्यांची फारशी गरज नसते.

पूर्ण स्क्रीन व्यापणारी लाल सूचना, भोंगा आणि ‘या नंबरवर फोन करा’ असा मजकूर आला तर फोन करू नका. एस्केपची कळ दाबून धरा. नाहीच सुटलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘रीस्टोअर पेजेस’ला नको म्हणा. बोलण्यात येऊन पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. इथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

साफसफाईची सुरुवात

मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडव्‌क्लीनर हे अ‍ॅडवेअर शोधून काढणारं साधन त्यांच्याच साइटवरून उतरवून ठेवा. ते फुकट आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. मग वाय-फाय बंद करा, कारण काही अ‍ॅडवेअर काढलेला भाग मिनिटाभरात नेटवरून परत आणतं.

स्कॅन करण्याआधी एक जागा बघायचीच, कारण सहसा ती कुणी बघत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ असतं. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, म्हणजे डिफेंडरने, जिथे बघायचं नाही अशा जागांची ही यादी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेटर टाकताना यात नोंदी घातल्या जातात, कधीकधी तर अख्खा सी ड्राइव्ह. मग डिफेंडर कितीही वेळा चालवा, ‘धोका नाही’ असंच उत्तर येणार. आपण स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढून टाका.

त्यानंतर इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेलं अनोळखी ते सगळं काढा. काढताना एखादा प्रोग्राम ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणत दुसरी चौकट दाखवतो. प्रत्येक बटण वाचून दाबा.

परत येणारं अ‍ॅडवेअर कुठे दडतं

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. दडण्याच्या दोन जागा आहेत आणि दोन्ही साफ केल्याशिवाय एक्स्टेन्शनला हात लावून उपयोग नाही.

पहिली जागा टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपणहून चालवणारी विंडोजची सोय. लॉग-इन केल्यावर क्षणभर काळी किंवा निळी खिडकी चमकून जाते किंवा ठरावीक वेळाने ब्राउझर आपणहून जाहिरातीचं पान उघडतो? मग हीच जागा. स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधा आणि राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नेच उघडा, नाहीतर काही टास्क दिसतच नाहीत. डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा. आतल्या मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरमध्ये जाऊ नका. तिथे विंडोजची स्वतःची शेकडो कामं असतात आणि अंदाजाने त्यातलं काही काढलं तर अपडेट बंद पडण्यापर्यंत वेळ येते.

मधल्या यादीतल्या एकेका ओळीवर क्लिक करून खालचे ‘ट्रिगर्स’ आणि ‘अ‍ॅक्शन्स’ हे दोन टॅब वाचा. नावावर अजिबात विसंबू नका. अ‍ॅडवेअर बेधडक ‘गूगल अपडेट’शी मिळतंजुळतं नाव लावतं. खरं काय ते अ‍ॅक्शन्समधल्या पत्त्यावरून कळतं. गूगलचा अपडेटर गूगलच्याच फोल्डरमधून चालतो. याउलट पत्ता अ‍ॅपडेटाच्या (प्रोग्राम आपली माहिती ठेवतात त्या फोल्डरच्या) आतल्या निरर्थक अक्षरांच्या फोल्डरचा असेल, किंवा पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट या आज्ञा चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामांपुढे ‘हिडन’ हा शब्द आणि अक्षरांची लांबलचक माळ असेल, किंवा चक्क क्रोमच्या नावापुढे एखाद्या साइटचा पत्ता असेल, तर गुन्हेगार सापडला म्हणून समजा. ट्रिगरमध्ये ‘दर काही मिनिटांनी, अनिश्चित काळापर्यंत’ असं दिसलं तर शंकाच नको.

सापडल्याबरोबर डिलीट करू नका. आधी अ‍ॅक्शनमधला पूर्ण पत्ता कागदावर उतरवून घ्या, कारण टास्क गेलं की ती फाइल कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. मग टास्क ‘डिसेबल’ करा आणि संगणक रीस्टार्ट करा. सगळं सुरळीत चाललं तर टास्क आणि त्या पत्त्यावरचं फोल्डर दोन्ही काढा. प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, लॅपटॉप कंपनी यांचीही कामं याच यादीत असतात, म्हणून खात्री नसेल तिथे डिसेबलवरच थांबा. ते केव्हाही मागे घेता येतं.

दुसरी जागा पॉलिसी. क्रोमचा तीन ठिपक्यांचा मेनू उघडल्यावर तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ दिसते का बघा. कंपन्या, शाळा आपल्या संगणकांवर ठरावीक एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्यासाठी क्रोमची ही सोय वापरतात. घरच्या संगणकावर ही ओळ दिसण्याला फारसं कारण नसतं. काही अँटिव्हायरस किंवा पालकांसाठीची नियंत्रणं पॉलिसी लावतात, तेवढा अपवाद. अ‍ॅडवेअर याच दारातून आत येतं आणि म्हणूनच त्याच्या एक्स्टेन्शनपुढचं ‘रिमूव्ह’ बटण गायब झालेलं असतं.

अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप करा. येणाऱ्या तक्त्यात ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ ही ओळ शोधा. तिच्या ‘व्हॅल्यू’च्या रकान्यात लहान इंग्रजी अक्षरांची ३२ अक्षरी माळ दिसेल. ए ते पी एवढीच अक्षरं त्यात असतात. हा त्या एक्स्टेन्शनचा ओळखक्रमांक. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येकाखाली हा क्रमांक दिसतो. दोन्ही जुळवून पाहा, चोर कोण ते कळेल.

आता रजिस्ट्री एडिटर उघडा. विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथे साठवतात ती रजिस्ट्री यातून दिसते. लोकल मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं खाली उतरा. डिलीट करण्याआधी त्या क्रोम नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा. ही प्रत असली की चूक झाली तरी डबल क्लिकने सगळं पूर्ववत होतं. मग तेच एक फोल्डर काढा, त्याच्या वरचं पॉलिसीज फोल्डर नव्हे. करंट यूझरच्या शाखेतही हाच मार्ग तपासा. एजसाठी गूगल, क्रोमच्या जागी मायक्रोसॉफ्ट, एज.

इथवर बरेच मार्गदर्शक सांगतात आणि थांबतात. मग रीस्टार्ट केल्यावर पॉलिसी पुन्हा उगवते आणि माणूस हताश होतो. कारण असं: काही अ‍ॅडवेअर विंडोजच्या ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे संगणकाला नियम लावणाऱ्या सोयीच्या फाइलमध्येही तीच नोंद लिहून ठेवतं आणि विंडोज स्वतःच ती रजिस्ट्रीत पुन्हा पुन्हा भरतं. विंडोजच्या सिस्टम-३२ फोल्डरमध्ये ‘ग्रुप पॉलिसी’ आणि ‘ग्रुप पॉलिसी यूझर्स’ अशी दोन लपवलेली फोल्डर असू शकतात. ती दिसण्यासाठी फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा. घरच्या संगणकावर आपण स्वतः ग्रुप पॉलिसी लावलेली नसेल तर ही दोन्ही काढून टाकायला हरकत नाही. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये जीपीअपडेट, जागा, स्लॅश, फोर्स अशी आज्ञा द्या आणि त्यानंतर रजिस्ट्रीतलं फोल्डर पुन्हा एकदा काढा. आता क्रोमचं पॉलिसीचं पान रिकामं दिसायला हवं.

क्रोम काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. क्रोम गेलं तरी टास्क, रजिस्ट्री आणि ग्रुप पॉलिसी जिथल्या तिथे राहतात. जुने लेख क्रोममधलंच ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ चालवायला सांगतात, पण ते साधन गूगलने २०२३ मध्येच काढून टाकलं.

आता एक्स्टेन्शन

रिमूव्ह बटण परत आलेलं असेल. दाबा. पण क्रोमचं सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या संगणकांवर तेच ठेवणारी सोय, त्याआधी बंद करा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या संगणकावरून तेच इथे परत येईल.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ बघा. क्रोम डॉट ईएक्सईनंतर एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर पुसा. प्रोफाइलचं नाव असेल तर ते असू द्या. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या प्रॉक्सीच्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा. शोधयंत्र आणि सुरुवातीचं पान पूर्ववत करा.

आता अ‍ॅडव्‌क्लीनर चालवा, त्याला हवं असेल तर वाय-फाय सुरू करा. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. त्याला साधारण १५ मिनिटं लागतात आणि संगणक आपणहून रीस्टार्ट होतो, म्हणून उघडी कामं आधी सेव्ह करा. दोन-तीन दिवसांनी पॉलिसीचं पान आणि टास्कची यादी पुन्हा एकदा बघा.

त्या एक्स्टेन्शनला सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी होती का, हेही लक्षात घ्या. असेल तर मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. ‘नुसत्या जाहिराती तर आहेत’ ही समजूत महागात पडते. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर मुळातच भरलेलं असल्याचं उघडकीस आलं. त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची हे संगणकाला सांगणारं प्रमाणपत्र, बसवलं होतं. त्यामुळे कुलपाचं चिन्ह दिसणाऱ्या सुरक्षित साइटचीही देवाणघेवाण मध्येच उलगडून पाहता येत होती.

पुन्हा येऊ नये म्हणून

विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, मग रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज इथे जा आणि ‘पोटेन्शिअली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ चालू करा, खालच्या दोन्ही खुणांसकट. रोजच्या वापरासाठी साधं, स्टँडर्ड खातं ठेवा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मुलांना देऊ नका. वर सांगितलेली लोकल मशीनची पॉलिसी आणि सिस्टम-३२ मधल्या फाइली अ‍ॅडमिनच्या परवानगीशिवाय लिहिताच येत नाहीत, त्यामुळे या एका सवयीने मोठी दारं बंद होतात.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. शोधनिकालात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं ओलांडून खाली या. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि आधीच केलेल्या खुणा काढा. पीडीएफ उघडायला वेगळं काही लागत नाही, ब्राउझर ती उघडतो.

आपल्याकडे अ‍ॅडवेअर शिरण्याची एक नेहमीची वाट म्हणजे मराठी टायपिंग. गूगल इनपुट टूल्सचा विंडोजवरचा जुना इन्स्टॉलर गूगलने कधीच मागे घेतला, तरी त्याच्या नावाच्या फाइली भलत्यासलत्या साइटवर मिळतात. फुकट मराठी फॉन्टच्या नावाखालीही हाच प्रकार चालतो. त्याची गरजच नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये आणि आता ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज इथे जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीतून मराठीत जाता येतं.