मलावीत सेवेला निघालात? बॅगा कमी करा, मयतीला आधी जा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच, की आम्ही दोघं आणि मुलं आफ्रिकेत मलावीला मिशनरी सेवेसाठी जायचं म्हणतोय, काय काय न्यायचं, शाळेचं कसं करता, साप असतात का. साप असतात. बाकीचं एकदाच लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल. आम्ही इथं सहा वर्षं आहोत, राजधानी लिलाँग्वेपासून दोनेक तासांवर, अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा लाल मातीचा, आणि पावसाळ्यात त्या दोन तासांचे किती तास होतील ते प्रभूलाच ठाऊक.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सुवार्ता इथं तुमच्या कितीतरी आधी पोचलीय. स्कॉटलंडचं लिव्हिंग्स्टोनिया मिशन १८७५ मध्ये मलावी तळ्याकाठी आलं, ब्लँटायरचं पुढच्या वर्षी, आणि १९२२ पासून अख्खं बायबल चिचेवा भाषेत आहे. २०१८ च्या जनगणनेत शंभरातले सत्याहत्तर लोक ख्रिस्ती निघाले, चौदाएक मुसलमान. आमच्या गावातल्या आज्ज्यांना जेवढी स्तोत्रं तोंडपाठ आहेत तेवढी मला गाणी सुद्धा येत नाहीत. मग तुमचं काम काय? तर ते इथल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, विचारा, घरून ठरवून येऊ नका. आम्ही येताना मोठा सुवार्ता मेळावा घ्यायचा म्हणून बॅनर छापून आणला होता (तो आता कोंबड्यांच्या खुराड्यावर ताडपत्री म्हणून आहे, चांगला टिकलाय). इथल्या पाळकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्याकडे एवढी सगळी प्रार्थनागृहं आणि मी एकटा, रविवारी उपदेश गावोगावचे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधली जाणती माणसंच करतात, त्यांना कुणी बसून शिकवलं तर फार बरं होईल, आणि संडे स्कूलच्या पोरींना पण. सहा वर्षं आम्ही मुख्यतः तेच करतोय. फोटोला काही फार छान दिसत नाही ते.

परमिटचं थोडक्यात: टुरिस्ट व्हिसावर येऊन सेवा करत बसू नका, ज्या मंडळीनं बोलावलंय तिच्यामार्फत इमिग्रेशनकडून कामाचा परमिट घ्या, वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स ठेवा.

आता भाषा. पहिले सहा महिने दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण चिचेवा शिका. शहरात इंग्रजी चालते, गावात नाही. नमस्कारच "मुली ब्वांजी?" असा आहे, म्हणजे तुम्ही कसे आहात, आणि माझा धाकटा पहिल्या दिवशी घरी येऊन विचारतो, आई ते सगळे कुठल्या मुलींबद्दल विचारतात? उत्तर "न्दिली ब्विनो, काया इनु?" असं द्यायचं, मी बरा, आणि तुम्ही? हे झाल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही, घाई असली तरी, दुकानात मीठ घ्यायचं असलं तरी. कुणाच्या दारात गेलात की कडी वाजवत बसू नका, बाहेरून "ओदी!" म्हणा आणि आतून "ओदिनी" आलं की मगच पाऊल टाका. काही देताना-घेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्या मनगटाला लावलेला. बायकांनी चितेंजे, म्हणजे ते रंगीत लुगड्यासारखं कापड, कमरेला गुंडाळायचं, पंजाबी ड्रेसवरून सुद्धा चालतं, पण गावात नुसत्या जीन्सवर फिरू नका.

आणि आपल्यासाठी एक खास गोष्ट. गोऱ्या लोकांना इथं आझुंगू म्हणतात, आपल्याला आम्वेन्ये. कित्येक पिढ्यांपासून इथं भारतीय, जास्त करून गुजराती, व्यापारी आहेत, लिंबेला आणि लिलाँग्वेला त्यांची दुकानं आहेत, त्यामुळे आपण दिसलो की लोक धरून चालतात की हा दुकानदार. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात एक काका सायकल घेऊन दारात, टायर कितीला? मी म्हटलं आम्ही मिशनरी. ते म्हणाले बरं बरं, आणि टायर कितीला? महिनाभर हे चाललं. रागावू नका. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात जे अंतर असतं ना, ते मोडायला वेळ लागतो.

आमच्यासाठी ते मयतीत मोडलं. मलावीत मयतीला, मलिरोला, जाणं म्हणजे ऑप्शनल नाही. गावात कुणी गेलं की त्या दिवशी शेतात कुदळ पडत नाही, सगळे तिथंच. आमच्या गल्लीतली एक तरुण बाई बाळंतपणात गेली तेव्हा मी कणकेसारखं मक्याचं पीठ, ते उफा, एका टोपल्यात घेऊन गेले, पुरुष बाहेर झाडाखाली, बायका आत जमिनीवर, मधे ती. मला भाषा येत नव्हती. मी फक्त "पेपानी" म्हणाले, वाईट वाटतं एवढाच त्याचा अर्थ, आणि दाराशी भिंतीला टेकून बसले. तास झाला, दोन झाले, बायका गातायत, थांबतायत, परत गातायत, पाय मुंग्या येऊन गेले. मग एका आजीनं स्वतःच्या चटईची कड हातानं सरळ केली आणि माझ्याकडे सरकवली, बघितलं पण नाही माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात "ओदी" आली आणि ती आजी काही मागायला नव्हती आली, नुसती बसायला आली होती. तोपर्यंतच्या पाच महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. म्हणून सांगते, मीटिंग असू दे, बायबल स्टडी असू दे, मयत असेल तर ते पुढे ढकला, नवऱ्याला एकट्याला पाठवू नका, बायकांमध्ये बसायला बाईच लागते.

दारावर मागायला येणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देणार नाही. मका एप्रिल-मे मध्ये निघतो, डिसेंबर ते मार्च घरोघरी कणग्या रिकाम्या असतात, त्यात २०२३ सारखं वर्ष आलं तर बघायलाच नको, मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आणि नोव्हेंबरमध्ये क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, किंमत एका झटक्यात उतरवली, डॉलर ४४ टक्के महाग झाला, ११८० क्वाचाच्या जवळपास होता तो १७०० झाला. पैसे वाटायला लागलात की रांग लागते आणि रांगेत सगळ्यात गरजू माणूस कधीच पुढे नसतो. इथं गान्यू म्हणून पद्धत आहे, रोजंदारीचं सुटं काम, कुंपण घालून दे, विटा उचलून दे, आणि त्याच दिवशी मजुरी, पैशात नाहीतर मक्यात. आम्ही ते सुरू केलं आणि स्वतःवर खूश होतो. पण दुसऱ्या वर्षी कळलं की पेरणीच्या आणि खुरपणीच्या दिवसात लोक आमच्याकडे गान्यूला येतात आणि त्यांचं स्वतःचं शेत तणात जातं, म्हणजे पुढच्या वर्षी परत उपास. आता मोठी कामं आम्ही पावसाच्या आधी, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतो, तेव्हा मिळालेला मका लोक पुढे ठेवतात. पावसात फक्त सकाळचे तीन तास, आणि म्हातारे, आजारी, विधवा यांची यादी मंडळीचे वडील करतात, मी नाही. कुणाला खरी गरज आहे ते त्यांना माहीत असतं, आणि नाही म्हणायचं असेल तर ते पण त्यांना नीट म्हणता येतं.

हापशाची गोष्ट पण सांगून टाकते, लाज वाटली तरी. देणाऱ्यांनी पैसे पाठवले, आम्ही बोअर मारून अफ्रिदेव हापसा बसवला, उद्घाटन, फोटो, सगळं. आठ महिन्यात खटक खटक आवाज आणि पाणी नाही. आतलं एक रबरी सील गेलं होतं. फार महागाचं नाही, पण ते कुणी आणायचं हेच ठरलं नव्हतं, सगळे म्हणाले आम्वेन्येंचा हापसा आहे, ते करतील. आता आधी पाणी कमिटी, त्यात बायका जास्त कारण पाणी त्या भरतात, दर घरामागे महिन्याला थोडे पैसे, गावातले दोघं दुरुस्ती शिकलेले, आणि मगच खड्डा. कमिटी होत नसेल तर हापसा नको, देणारे कितीही घाई करोत.

तब्येत. तळ्याकाठी केप मॅक्लिअरला त्या पहिल्या मिशनऱ्यांच्या कबरी आहेत, ताप आणि रोगराईनं इतकी माणसं गेली की १८८१ मध्ये मिशन उत्तरेला बांदावेला हलवलं. मलेरिया अजून इथंच आहे. मच्छरदाणी रोज, एक रात्र पण सुट्टी नाही, प्रतिबंधक गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरला विचारा, आणि पोराला ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, उद्या बघू नाही. टेस्ट किट घरात ठेवा. तळं दिसायला समुद्रासारखं सुंदर आहे, पण लव्हाळ्यात संथ पाण्यात पोहू देऊ नका, बिलहार्झिया हा पाण्यातल्या जंतांचा रोग होतो. आणि इस्त्री! पुट्झी नावाची माशी वाळत घातलेल्या कपड्यांवर अंडी घालते, अळी कातडीत शिरते, गळवासारखं होतं. माझ्या पाठीवर तीन झाले होते, नवऱ्यानं व्हॅसलिन लावून लावून काढले, लग्नात दिलेली वचनं आठवली. म्हणून चड्ड्या-बनियन-चादरीसकट सगळ्याला इस्त्री, आणि लाईट जातच राहते त्यामुळे कोळशाची इस्त्री घ्या.

खाण्याची चिंता करू नका. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानंच खायची, आधी कुणीतरी तांब्यातून हातावर पाणी घालतं, आपल्याला काही वेगळं वाटत नाही. पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात, त्याला न्सिंजिरो म्हणतात, मी पहिला घास घेतला आणि रडायचीच बाकी होते. तूर पण पिकते, दक्षिणेत भरपूर, नाव नांदोलो. मसाले लिलाँग्वेत मिळतात. बॅगांमधली डाळ काढा आणि पुस्तकं, सोलर दिवे, चष्म्याची जास्तीची जोडी भरा.

मुलांचं: प्राथमिक शाळा १९९४ पासून फुकट आहे म्हणून वर्ग भरून वाहतात, शंभर-शंभर पोरं, बरीच जमिनीवर. आम्ही सकाळी घरी शिकवतो आणि दुपारी त्यांना गावातल्या पोरांबरोबर सोडतो, फुटबॉल प्लास्टिकच्या पिशव्या बांधून केलेला. थोरली चौदाची झाली आणि एके दिवशी म्हणाली मी तुमच्या प्रार्थना-पत्रात (देणाऱ्यांना आम्ही पाठवतो ते) कशाला असते, मला विचारलं का? बरोबर होतं तिचं. तेव्हापासून तिच्या परवानगीशिवाय तिच्याबद्दल एक ओळ नाही, आणि गावातल्या पोरांचे फोटो पण आईबापांना विचारल्याशिवाय नाही, उघड्या पोटाचे तर नाहीच. आठवड्यातला एक दिवस दाराला पडदा, ओदीला उत्तर फक्त कुणी आजारी असेल तर. आधी अपराधी वाटायचं, आता गावाला पण सवय झालीय.

वाटेत मुखवटे घातलेले गुले वामकुलूचे नाचे दिसले तर गाडी हळू करा, बाजूला व्हा, मोबाईल काढू नका. तो चेवा लोकांचा जुना गुप्त पंथ आहे, मंडळ्यांमध्ये त्यावरून बरेच वाद आहेत, आणि तुम्ही येऊन दोन महिन्यात त्यावर उपदेश करायची अजिबात गरज नाही.

कोंबडीचं राहिलं. कधीतरी कुणीतरी तुमच्या दारात पाय बांधलेली जिवंत कोंबडी घेऊन येईल, आणि तुम्हाला माहीत असेल की त्यांच्याकडे अशा दोनच आहेत. नको नको, तुम्हीच ठेवा, असं म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या, थोडे गुडघे वाकवा, झिकोमो क्वाम्बिरी, म्हणजे खूप खूप आभार, म्हणा, आणि ती माणसं फाटकाबाहेर पडेपर्यंत कोंबडीला खाली सोडू नका, आमची पहिली सुटली होती आणि अख्ख्या गल्लीनं मला तिच्यामागे पळताना बघितलंय.