युटाच्या कॉकस-अधिवेशन पद्धतीची बाजू मांडताय? या चुका टाळा

एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे आपल्याकडे तालुक्याच्या कार्यकर्त्याला बहुधा शेवटच्या क्षणी कळतं. ठरवणारे मुंबईत नाहीतर दिल्लीत बसलेले असतात. म्हणून अमेरिकेतल्या युटा राज्याच्या रिपब्लिकन पक्षाची पद्धत मला मनापासून मोलाची वाटते. तिथे दर दोन वर्षांनी एका संध्याकाळी वस्तीतले पक्षाचे मतदार जवळच्या शाळेत वगैरे जमतात आणि आपल्यातूनच प्रतिनिधी निवडतात. ही झाली कॉकस. असे सुमारे 4,000 प्रतिनिधी मग राज्य अधिवेशनात फेऱ्यांमागून फेऱ्या मतदान करतात. कोणाला 60 टक्के मिळाले की उमेदवारी पक्की, नाहीतर उरलेले दोघे प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या सर्वसाधारण मतदारांपुढे.

2014 साली एसबी 54 हा कायदा झाला आणि ठरावीक सह्या गोळा करून थेट प्रायमरीत उतरायची दुसरी वाटही उघडली. वाद तेव्हापासून पेटलेला आहे. पहिल्या वाटेचे समर्थक त्यात मागे पडतात, आणि बरेचदा स्वतःच्याच मांडणीमुळे.

‘प्रतिनिधींना जास्त कळतं’ असं म्हणू नका

हा युक्तिवाद आकडेच पाडतात. 2016 मध्ये गव्हर्नर गॅरी हर्बर्ट अधिवेशनात मागे पडले आणि प्रायमरीत मोठ्या फरकाने जिंकले. 2018 मध्ये सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या मिट रॉम्नींचं तेच झालं. 2024 मध्ये फिल लायमन यांनी अधिवेशनात जवळपास दोन तृतीयांश मतं घेतली, पण गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स सह्यांच्या वाटेने प्रायमरीत आले आणि जिंकले. समोरचा माणूस ही तीन नावं काढणारच. त्याआधी तुम्हीच काढा.

मग सांगा की अधिवेशनाचं काम वेगळं आहे. पदावर बसलेल्या माणसाला तिथे तोंडावर प्रश्न विचारता येतात. 2010 मध्ये तीन वेळा निवडून आलेले सिनेटर बॉब बेनेट यांना बँकांच्या बचावासाठी दिलेल्या मताचा जाब प्रतिनिधींनी विचारला आणि दुसऱ्या फेरीत बाहेर काढलं. तो निर्णय तुम्हाला पटो न पटो, इतक्या ज्येष्ठ नेत्याला असा हिशेब द्यायला लावणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. शिवाय शेवटच्या फेरीतही कोणाला 60 टक्के मिळाले नाहीत, त्यामुळे अंतिम निवड प्रायमरीच्या मतदारांनीच केली. तिथे जिंकले माइक ली, जे अधिवेशनात दुसरे होते.

‘यायला कोणी अडवलंय?’ हे तर मुळीच नको

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. रात्रपाळीची नर्स, तान्ह्या बाळाची आई, सैन्यात असलेला मुलगा, चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचारासाठी, दीड-दोन वर्षं परदेशी गेलेली तरुण मंडळी (युटात त्यांची संख्या मोठी आहे), यांना दार बंद नसतं, पण येता येत नाही. ही उणीव खरी आहे. ती मान्य करून दुरुस्ती सुचवणाराच या पद्धतीचा खरा मित्र.

दुरुस्ती होते याचा पुरावाही युटातच आहे. बेनेट यांच्या पराभवानंतर दोन वर्षांनी, 2012 मध्ये, एलडीएस (मॉर्मन) चर्चने आपल्या लोकांना कॉकसला जाण्याचं जाहीर आवाहन केलं, कोणाला निवडा हे मात्र सांगितलं नाही. गर्दी कितीतरी वाढली. त्या वर्षी ज्येष्ठ सिनेटर ऑरिन हॅच यांच्यावर बेनेट यांचीच पाळी येणार अशी चर्चा होती, पण प्रतिनिधींनी त्यांना 59 टक्क्यांहून थोडी जास्त मतं दिली. उमेदवारी तिथेच पक्की व्हायला एका टक्क्याहूनही थोडी मतं कमी पडली, आणि प्रायमरी त्यांनी आरामात जिंकली. नियम तेच होते, फक्त शाळेच्या वर्गात बसलेली माणसं वाढली होती. तुमच्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

पैशाचा मुद्दा अर्धवट सोडू नका

राज्यव्यापी पदासाठी 28,000 वैध सह्या लागतात. एवढ्या सह्या स्वयंसेवकांच्या बळावर जमवणं अवघड, म्हणून पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या कामाला लावाव्या लागतात. उलट 4,000 प्रतिनिधींना फोन करणं, त्यांच्या घरी जाऊन बसणं शिक्षकालाही परवडतं. अधिवेशनात पैसा चालतच नाही असा दावा मात्र करू नका, कारण तो खोटा आहे.

आणि 2020 विसरू नका. त्या वर्षी गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत चौघे होते आणि कॉक्स सुमारे 36 टक्के मतांवर जिंकले. अधिवेशनात फेऱ्यांनी उमेदवार कमी होत जातात, तिथे बहुमत तयार व्हावं लागतं.

कोर्टाची भाषा सोडा

‘पक्ष खासगी संस्था आहे, सरकारला अधिकारच नाही’ हा मुद्दा लढवून झाला. 2018 मध्ये दहाव्या सर्किट अपील न्यायालयाने एसबी 54 कायम ठेवला आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आता लोकांना पटवण्याला पर्याय नाही.

आयोवाचं ओझं घेऊ नका

फेब्रुवारी 2020 मध्ये आयोवा राज्यातल्या कॉकसच्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाचं निकाल कळवायचं ॲप कोलमडलं आणि आकडे काही दिवस रखडले. ती राष्ट्राध्यक्षपदासाठीची पसंती होती. शेजाऱ्यांमधून प्रतिनिधी निवडण्याचं काम वेगळं, हे आधीच स्पष्ट करा.

आणि प्रत्यक्ष रात्र नीट पार पाडा

कॉकसला आलेला माणूस तासभर रांगेत उभा राहून चिडून घरी गेला, तर तुमचे वरचे सगळे युक्तिवाद वाया. आपला विभाग कोणता आणि जमायचं कुठे हे घरोघरी आठवडाभर आधी कळवा. नावनोंदणीची टेबलं वाढवा. मतपत्रिका कागदी ठेवा, मोजणी सगळ्यांदेखत करा आणि आकडा तिथेच फळ्यावर लिहा. प्रतिनिधी व्हायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला दोन मिनिटं बोलू द्या, नवख्याला आधी. सभा ठरल्या वेळी संपवा, कारण मुलांना झोपवायचं असलेली माणसं सगळ्यात आधी उठून जातात आणि नेमकी तीच प्रतिनिधींमध्ये कमी आहेत.