राजकीय पत्रकार कितपत भरवशाचा, हे कसं पारखावं

‘दोन्ही बाजूंची चॅनेलं बघा, सत्य मधे कुठेतरी सापडेल’ हा सल्ला देणाऱ्याने ती चॅनेलं संध्याकाळी लावून पाहिलेली नसतात. त्याहून वाईट सल्ला आडनाव बघण्याचा. आपल्याकडे बायलाइन, म्हणजे बातमीवरचं पत्रकाराचं नाव, दिसली की आधी जात लावतात आणि मग बातमी वाचतात. तेच करायचं असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही.

एकच पत्रकार घ्या. त्याचा कल आणि त्याचा भरवसा यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. उघड कल असलेला माणूस माहितीला पक्का असू शकतो आणि ‘मी कुणाचाच नाही’ म्हणणारा पुड्यांवर जगत असू शकतो. ‘सामना’ हे ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच पक्षाच्या मनात काय चाललंय हे कळायला त्याचा अग्रलेख उपयोगी पडतो. विरोधकांच्या गोटात काय चाललंय, यासाठी मात्र तो वाचू नये.

मालकी बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे, ‘लोकमत’ दर्डांकडे. त्यावरून बातमीदाराचा निकाल लावू नका. कुठल्या विषयावर पेपर गप्प बसू शकतो, एवढाच अंदाज त्यातून येतो.

आता त्याच्या जुन्या बातम्या काढा. बातम्याच, स्तंभ नव्हेत. यूट्यूबवरचं विश्लेषण तर सगळ्यात शेवटी.

खरी गोम ‘सूत्रां’मध्ये आहे. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण ‘नाव नाही म्हणजे थाप’ हा सोपा नियम इथे चालत नाही. नाव देऊन बोलणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते. सूत्रांशिवाय मंत्रालयातली निम्मी खरी बातमी बाहेरच येणार नाही. तेव्हा सूत्र किती जवळचं आहे ते बघा. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आणि ‘बैठकीला हजर असलेल्या एका मंत्र्याने सांगितलं’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात पत्रकाराने स्वतःला अडकवून घेतलेलं असतं. बैठकच झाली नसेल तर तो उघडा पडतो.

मग विचारा, ही पुडी कुणाच्या फायद्याची? ‘अमुक नेते नाराज’ ही बातमी खातेवाटपाच्या आदल्या दिवशी आली, तर बहुतेक वेळा ती त्या नाराजांच्याच बंगल्यावरून निघालेली असते. एखाद्याकडे सगळी नाराजी एकाच गटातून येत असेल, तर तो त्या गटाचा टपाल्या आहे. बातमी खरी निघाली तरी.

आणि बातमीचं पुढे काय झालं ते तपासा. शिंदे सरकारचा विस्तार ९ ऑगस्ट २०२२ ला झाला. त्यानंतर ‘पुढचा विस्तार लवकरच’ हे इतक्या वेळा छापून आलं की मंत्रिपदाची वाट बघत असलेल्या आमदार भरत गोगावलेंच्या शपथेसाठी शिवलेल्या कोटाचे विनोद सुरू झाले. पुढची शपथ झाली थेट २ जुलै २०२३ ला, आणि ती अजित पवारांची. मधल्या काळात तुमच्या पत्रकाराने किती मुहूर्त दिले ते मोजा. मुहूर्त हुकल्यावर त्याने कारण दिलं, की गुपचूप नवा मुहूर्त काढला?

पण हुकलेला प्रत्येक अंदाज पत्रकाराच्या माथी मारू नका. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असं होतं आणि राजभवनात फडणवीस-अजित पवारांची शपथ उरकली होती. पेपरांनी खोटं छापलं नव्हतं. उद्धव यांच्या नावावर एकमत झाल्याचं आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी उघडपणे सांगितलं होतं. तुमच्या पत्रकाराने पुढच्या अंकात काय लिहिलं ते वाचा. ‘आम्हाला कुणकुण होतीच’ असा सूर असेल तर फुली मारा. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले त्या ३० जून २०२२ चंही तेच. सकाळपर्यंत फडणवीसच मुख्यमंत्री होणार म्हणणाऱ्यांपैकी दुपारनंतर कोण ‘हे ठरलेलंच होतं’ म्हणून समजावत होतं, ते जुन्या व्हिडिओंत शोधा.

पैसे घेऊन छापलेला मजकूर ओळखायला त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाका. २००९ च्या निवडणुकीत अशोक चव्हाणांचं कौतुक करणारे तेच लेख वेगवेगळ्या पेपरांत आले होते, पत्रकार पी. साईनाथांनी ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले. (याच प्रकरणातला चव्हाणांविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, तेही लक्षात असू द्या.)

कल मोजायला विशेषणं मोजत बसू नका. बाजू बदलल्याची तारीख घ्या. २७ जून २०२३ ला पंतप्रधानांनी भोपाळमध्ये राष्ट्रवादीवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि आठवड्याच्या आत अजित पवार सत्तेत आले. तुमच्या पत्रकाराच्या २८ जूनच्या आणि ३ जुलैच्या बातम्या शेजारी ठेवा. ज्यात अजित पवारांवर आरोप झाले त्या सिंचन घोटाळ्यावर वर्षानुवर्षं लिहिणारा एकदम गप्प झाला का? आणि उलटंही बघा, कारण ते बघायला लोक विसरतात: आधी मूग गिळून बसलेल्याला २ जुलैनंतरच सिंचन आठवलं का? दोघांनाही एकच शेरा.

निकाल कायमचा धरू नका. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक राहिलेले भारतकुमार राऊत २००८ साली शिवसेनेतर्फे राज्यसभेत गेले आणि ‘लोकसत्ता’चे संपादक राहिलेले कुमार केतकर २०१८ साली काँग्रेसतर्फे. म्हणून त्यांचं आधीचं लेखन खोटं ठरत नाही. पण तुमचा पत्रकार कधी पक्षात किंवा सभागृहात गेला, तर त्याच्या आधीच्या दोनेक वर्षांच्या बातम्या पुन्हा काढा आणि सूत्रांपासून सुरुवात करा.