गाढव पाळताय? मग निदान या चुका टाळा

जेजुरीचा पौष पौर्णिमेचा बाजार किंवा मढीची यात्रा झाली की मला फोन सुरू होतात. "फार्महाउसवर गाढव आणलंय, त्याला काय घालू?" आणायच्या आधी विचारावं असं एकालाही वाटत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकटंच गाढव आणणं. "शेळ्या आहेत की सोबतीला" ही पळवाट मला पाठ झाली आहे. शेळ्या-गाई शेजारी असल्या तर चालतं, पण सोबतीला गाढवाला गाढवच लागतं. आणि एकदा जमलेली जोडी मोडायची नाही.

सासवडकडच्या एका ओळखीच्यांकडे दोन गाढविणी होत्या, लहानपणापासून एकत्र. त्यांनी एक विकली. राहिलेली चांगली गोलमटोल. रोज उरलेल्या पोळ्या, गुळाचा खडा, मक्याचा भरडा. मानेवरची चरबी एका बाजूला कललेली. मालक त्याला तब्येत म्हणायचे. जोडीदारीण गेल्यावर ही कोपरा धरून उभी राहू लागली. "खाते की व्यवस्थित," असं मला फोनवर सांगितलं. जाऊन पाहिलं तर तोंड गव्हाणीत, पण जबडा हलत नव्हता. सकाळचा कडबा तसाच पडलेला. गाढव खाण्याचं असं सोंग करतं. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, म्हणून नुसतं मलूल दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा.

डॉक्टरांनी रक्त काढून नळी उभी ठेवली. रक्त खाली बसल्यावर वर पिवळसर नितळ पाणी यायला हवं, ते दुधासारखं पांढुरकं आलं. लठ्ठ गाढवानं खाणं टाकलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृताला ती झेपत नाही. हायपरलिपेमिया म्हणतात याला. सलाईन लावलं, नाकातून नळी घालून खाद्य दिलं. नाही वाचली.

हे ऐकून लोक दुसऱ्या टोकाला जातात. "महिनाभरात बारीक करतो," म्हणून चारा तोडतात. अहो, उपाशी ठेवलं तरी हाच आजार होतो! वजन सावकाशच उतरवायचं. गाढवाचं मूळ आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. निकस चाऱ्यावर जगायला बनलेलं जनावर ते. दीडशे किलोच्या गाढवाला दिवसाला सव्वादोन किलोच्या आसपास कोरडा चारा पुरतो. वाळलं गवत, कडबा, भाताचा पेंढा, बस. खुराक काम करणाऱ्याला, गाभणीला किंवा म्हाताऱ्याला. मी दर रविवारी बरगड्यांवरून हात फिरवतो: हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. वजनकाटा, चार्ट वगैरे ज्यांना हौस आहे त्यांनी करावं.

कोंबडीखाद्य किंवा गाईची पेंड "थोडीशी" टाकू नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, गाढवाच्या हृदयाला मारक ठरतं.

कुंपणाला कण्हेर असेल तर आधी कण्हेर काढा, मग गाढव आणा. छाटलेल्या वाळक्या फांद्याही तितक्याच विषारी.

पावसात बाहेर बांधू नका. घोड्यासारखं त्याच्या केसांवरून पाणी निथळत नाही, ते आत मुरतं. शेड हवीच, आणि तळ कोरडा. ओल्या जमिनीत खूर कुजतात.

खुरांचं तर विचारूच नका. डांबरी रस्त्यावर राबणाऱ्या गाढवाचे खूर थोडेफार झिजतात, लॉनवरच्याचे चपलेसारखे पुढे वळतात. दीड-दोन महिन्यांनी जाणत्या नालबंदाकडून कापून घ्या. व्हिडिओ बघून घरच्या कानशीनं घासणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय. मी स्वतः रोज संध्याकाळी चारी खूर उचलून माती काढतो. दुर्गंधी आली किंवा पाय आखडला तर लगेच कळतं.

मुलांना बसवायचं? गाढवाच्या पाठीवर 50 किलोंहून जास्त ओझं नको, असं 1965 चे केंद्राचे नियमच सांगतात. माझ्या लेखी लहानखुऱ्या गाढवाला तेही जास्तच.

पायबंद घालू नका. दोरी काचून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. धनुर्वाताची लस चुकवू नका. आणि डॉक्टर घोड्याच्या हिशेबानं औषध देत असतील तर गाढवाचा डोस वेगळा असतो का, हे बेलाशक विचारा. काही वेदनाशामकं गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर उतरतात.