शस्त्रकायद्याचा परिणाम कसा तपासावा

बंदुकांवर निर्बंध आणल्याने माणसे वाचतात की नाही, हा वाद निघाला की दोन्ही बाजू आकडे पुढे करतात. आकडे खरे असूनही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, म्हणून ते क्रमाने तपासावेत.

सर्वप्रथम मृत्यूंची फोड करावी. अमेरिकेत 2021 मध्ये गोळी लागून 48,830 माणसे दगावली. त्यांत 20,958 खून होते आणि 26,328 आत्महत्या. ज्यांच्या बातम्या दिवसेंदिवस चालतात, ते सामूहिक गोळीबार या बेरजेचा फार लहान भाग असतात. केवळ खुनांचा रकाना पाहून कायद्याला निष्फळ ठरवणारा निम्म्याहून अधिक मृतांचा विचारच करत नाही, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

त्यानंतर कायद्याने नेमके काय बदलले, ते वाचावे. परवान्यापूर्वीची चौकशी, खरेदी आणि ताबा यांमधील सक्तीची प्रतीक्षा, घरातील बंदूक कुलूपबंद ठेवून काडतुसे वेगळी ठेवण्याचे बंधन, ठरावीक प्रकारांवरील बंदी या सर्वांचे परिणाम सारखे नसतात. हताश क्षण आणि हत्यार यांच्यात काही तास किंवा काही पावले जरी घातली, तरी जीव वाचतो, कारण तो क्षण पुष्कळदा ओसरतो. इस्रायली लष्कराने 2006 मध्ये सैनिकांना सुट्टीत शस्त्र घरी नेण्यास मनाई केल्यावर त्यांच्यातील आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः आठवड्याअखेरीस दिसली, इतर दिवसांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे मृत्यू केवळ दुसऱ्या दिवसांवर सरकले नव्हते. तसेच मृत्यू दुसऱ्या साधनांकडेही वळले नाहीत ना, हे कळण्यासाठी बंदुकीच्या मृत्यूंबरोबर एकूण खून आणि एकूण आत्महत्याही कमी झाल्या का, हे पाहावे.

कायद्यापूर्वीचा कल तपासणेही तितकेच आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे गोळीबारात 35 जणांचा बळी गेल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत बंदुकांवरील निर्बंधांचा राष्ट्रीय करार झाला आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन जमा केल्या. तेथील बंदुकीचे मृत्यू मात्र आधीपासूनच घटत होते, त्यामुळे पुढची सगळी घट कायद्याच्या खात्यावर टाकता येत नाही. घटीचा वेग वाढला का, हा प्रश्न विचारावा लागतो. लहान प्रदेशात तर एका वर्षाच्या आकड्यावर विसंबूच नये, कारण तेथे तीनाचे सहा झाले तरी ‘दुप्पट’ असे मथळे येतात. अनेक वर्षांची सरासरी घ्यावी आणि कायदा न बदललेल्या शेजारच्या प्रदेशाशी ती ताडून पाहावी.

शेवटी अंमलबजावणी तपासावी. गुन्ह्यात जप्त झालेल्या पिस्तुलावरील क्रमांकावरून ते प्रथम कोणी, कोठे आणि कधी विकले, याचा माग काढता येतो. अशी बरीचशी शस्त्रे निर्बंध नसलेल्या शेजारच्या प्रदेशातून आलेली आढळली, तर कायदा निरुपयोगी आहे असे म्हणण्याआधी तो कोणत्या सीमेपर्यंत लागू होता, हे नोंदवावे.