कर्ण काढताना या चुका टाळा: घोळ सूत्रात नाही, आकृतीत आहे

नागपूरच्या महाल भागात नववी-दहावीची शिकवणी घेतो. काटकोन त्रिकोणात 'कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज' हे आमचे पोट्टे झोपेतही म्हणून दाखवतील. पेपरात कर्ण तरीही चुकतो.

सगळ्यात जास्त मार्क खाते ती एकच समजूत: कर्ण म्हणजे तिरपी बाजू. सरावाच्या आकृत्यांत काटकोन बहुतेक वेळा खाली, एका कोपऱ्यात असतो आणि तेच चित्र डोक्यात बसतं. मग त्रिकोण फिरवून दिला, काटकोन वर गेला आणि कर्ण खाली आडवा पडला, की पोरगं त्यालाच पाया समजून बेरजेत टाकतं. म्हणून मी पेन खाली ठेवायला लावतो. काटकोनाच्या छोट्या चौकोनावर बोट ठेव. आता त्या कोपऱ्याला न शिवणारी बाजू कोणती? तोच कर्ण, मग तो उभा असो, आडवा असो की तिरपा.

हे न केल्यामुळे पुढचा घोळ होतो. एक बाजू ५, कर्ण १३, दुसरी बाजू काढा. हात सवयीनं २५ आणि १६९ ची बेरीज करतो, १९४, उत्तर १३.९. बाजू कर्णापेक्षा मोठी आली तरी कोणी दचकत नाही! इथे वजाबाकी हवी: १६९ मधून २५ गेले, १४४ राहिले, बाजू १२. ३-४-५ सारखी त्रिकुटं पाठ असलेले हुशार पोट्टेही फसतात. ३ आणि ४ दिसले की ५ लिहून मोकळे. पण ४ हाच कर्ण असेल तर तिसरी बाजू √७, म्हणजे साधारण २.६५.

आकडेमोडीतल्या चुका ठरलेल्या. वर्गाऐवजी दुप्पट करणं, शेवटी वर्गमूळ विसरणं, आणि √(९ + १६) चे सरळ ३ + ४ = ७ करून टाकणं. रेशीमबाग मैदान कडेकडेनं न जाता पोट्टे तिरपे का कापतात, तिरपं अंतर दोन कडांच्या बेरजेहून कमी असतं हे पायांना कळतं, वहीत मात्र कळत नाही. एक चाळणी ठेवा: कर्ण उरलेल्या दोघींतल्या मोठ्या बाजूपेक्षा जास्तच असतो, पण तिच्या दीडपटीपर्यंत कधी पोचत नाही. बाजू ३ आणि ४ असतील तर उत्तर ४ ते ६ च्या मधेच हवं. दुप्पटवाल्याचं √(६ + ८) म्हणजे ३.७, विसरभोळ्याचं २५ आणि शॉर्टकटवाल्याचं ७, तिघंही अडकतात.

एककाची चूक मात्र माझी स्वतःची. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचं स्टँड करायला दिलं होतं. रुंदी २ फूट ६ इंच, उंची ३ फूट ४ इंच. तिरप्या पट्टीचं माप मी मोबाईलवर काढलं, २.६ आणि ३.४ टाकून. आलं ४.२८ फूट, म्हणजे ५१ इंचांच्या वर. वेल्डरनं तेवढीच पट्टी कापून टाके मारले. मग कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून माझ्याकडे पाहिलं. "सर, हे गुण्यात काहून नाही बसून राह्यलं?" काटकोनाचा ९३ अंशांचा कोन झाला होता. फुटात बारा इंच, दहा नाहीत. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, ०.६ नव्हे. सगळं इंचात लिहिलं असतं तर ३० आणि ४०, कर्ण बरोबर ५०. रोज फळ्यावर लिहितो ते ३-४-५ च, दहापट. टाके तोडून पट्टी सव्वा इंचापेक्षा थोडी जास्तच कापावी लागली.

वर्गमूळ पूर्ण सुटत नसेल तर घाईनं दशांशात जाऊ नका. दोन्ही बाजू ५ असतील तर ५√२ लिहा. √२ ला १.४ धरलं तर कर्ण ७ येतो, खरा ७.०७ च्या आसपास असतो. तोच आकडा पुढे परिमितीत वापरायचा असेल तर ती तूटही सोबत जाते. प्रश्नात दशांश मागितला असेल तरच, आणि तोही अगदी शेवटच्या ओळीत.